साथीचे दिवस आणि मुलांची गोष्ट

गोदावरीच्या उत्तरेस, घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. इ. स. १६०८ मध्ये येथे समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि म्हणून लोक त्यास 'जांब समर्थ' म्हणतात. समर्थांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीच मूर्खांची एक लांबलचक यादी दिली आहे. त्या यादीत आत्मस्तुती करणारा आहे, सासुरवाडीस तळ देऊन राहणारा आहे. आणि ज्याचे दात, डोळे, नाक, हात, वस्त्र व पाय सदोदित मळलेले असतात, असाही एक गृहस्थ आहे. येथे ध्यानात घेण्यासारखे एवढेच की, समर्थांनी ह्या गृहस्थास रोगाचे भय घातले नाही की नरकाचेही घातले नाही. त्यांनी त्यास चारचौघांत उभे करून त्याचे हसे केले. घरातील मुलांकडून हा समास पाठ करवून घेण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ पिढ्या होती. सक्काळी तोंड न धुता चुलीपुढे येऊन बसणाऱ्या पोराला आजीने 'दासबोधातला मूर्ख' म्हटले की त्याला निमूटपणे परसात जावे लागे.

मुलाला स्वच्छता शिकविण्याचा हा एक मार्ग. हसवून, किंचित लाजवून शिकविण्याचा. जगातील ह्या प्रकारच्या वाङ्मयाचा इतिहास पाहिला तर बराच काळ हाच मार्ग रूढ होता असे दिसते. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी हाइन्रिश होफमान नावाचा एक डॉक्टर होता. १८४४ च्या डिसेंबरात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक आणावे म्हणून तो बाजारात गेला. दुकानातील पुस्तके उपदेशाने इतकी जड झालेली होती की, तो कंटाळून एक कोरी वही घेऊन घरी आला आणि तीत स्वतःच चित्रे काढून पद्ये लिहू लागला. आजारी मूल तपासू देईना की कागदावर काहीतरी चित्र काढून त्याचे रडे थांबवावयाचे, ही ह्या डॉक्टरांची नेहमीची युक्ती. तीच येथे कामास आली. पुढच्या साली ते पुस्तक छापले गेले. त्यातील ज्या मुलाने वर्षभर नखे कापू दिली नाहीत आणि केसांना फणी लावू दिली नाही, तो प्रथम वहीच्या शेवटच्या पानावर होता. वाचकांच्या मुलांना तोच अधिक आवडला, म्हणून पुढील आवृत्त्यांत तो पहिल्या पानावर आला आणि पुस्तकालाही त्याचेच नाव मिळाले. उपदेशकाची योजना एक आणि बालवाचकाची पसंती दुसरी, असा हा प्रकार आहे. गलिच्छ मुलगा मुलांना आवडला तो त्याचे अनुकरण करावे म्हणून, की त्यास हसावे म्हणून, हे मात्र मुलांनी कोणास सांगितलेले नाही.

होफमानने पुस्तक लिहिले तेव्हा रोगजंतू ही कल्पनाच शास्त्रात रुजलेली नव्हती. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुण्याची सक्ती केली ती १८४७ साली, आणि तीही पुष्कळांना रुचली नाही. पुढे पाश्चर आणि कॉख ह्यांच्या शोधांनी चित्र पालटले. कॉलऱ्याचा जंतू कॉखने १८८४ साली कलकत्त्यातच निश्चित केला. प्लेगचा जंतू येर्सिनला १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला. शास्त्राच्या दृष्टीने ह्या घटनांचे महत्त्व केवढे, ते सर्वविदित आहे. पण गोष्ट सांगणाऱ्याच्या दृष्टीनेही त्यांनी एक मोठे काम केले. त्यांनी गोष्टीला राक्षस दिला. पूर्वी मळ ही केवळ लाजेची बाब होती. आता मळात डोळ्यांना न दिसणारा शत्रू दडून बसलेला असे. मुलाच्या मनाला शत्रूशी लढणे लाजण्यापेक्षा केव्हाही अधिक प्रिय.

ह्या बदलाची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे मुलांच्या आरोग्यासाठी एक संघटना निघाली. तिने एक विदूषक पदरी ठेवला आणि त्याला चो-चो हे नाव दिले. तो शाळाशाळांतून हिंडून भाज्या, दूध, आंघोळ आणि उघडी खिडकी ह्यांची महती कोलांट्या मारीत सांगे. पुढच्या साली त्याच्या नावाचे गोष्टींचे एक छोटे पुस्तकही निघाले. दुसरे उदाहरण रशियातील. यादवी युद्ध, दुष्काळ आणि प्रलापक ज्वराने तो देश गांजून गेल्यानंतर, १९२३ साली, कॉर्नेय चुकोव्स्की ह्याने एका मुलाची पद्यकथा प्रसिद्ध केली. मुलगा इतका मळका की त्याची चादर, उशी आणि पुस्तके त्याला टाकून पळतात, आणि हात धुण्याचे भांडेच सरदाराच्या थाटात त्याच्यावर चालून येते. रशियातील मुलांच्या कित्येक पिढ्या ही कथा घोकत मोठ्या झाल्या. चुकोव्स्कीच्या कथेत अद्यापि लाजविणे आहेच. परंतु धावपळ, गंमत आणि कल्पनेची भरारी एवढी आहे की, लाज हसण्यात विरून जाते.

मराठीत मुलांसाठी नियतकालिके निघू लागली ती ह्याच सुमारास नव्हे, त्याच्याही पूर्वी. अमेरिकन मराठी मिशनचा 'बालबोधमेवा' १८७३ च्या सुमारास निघाला. विनायक कोंडदेव ओक ह्यांचे 'बालबोध' १८८१ साली निघाले आणि ते ओकांनी मोठ्या नेमाने चालविले. वासुदेव गोविंद आपटे ह्यांचा 'आनंद' १९०६ चा. चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती आणि गोष्टी असा त्यांचा फराळ असे. पुढे साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली आणि आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून आईचा पदर धोंड्यावर पसरून घेणारा श्याम घराघरांत पोचला. त्या प्रसंगात आई मुलाला पायाप्रमाणेच मनही जपावयास सांगते. मराठी बालवाङ्मयात बाह्य स्वच्छता आणि अंतःकरणाची शुद्धी ह्यांची अशी सांगड फार लवकर बसली. तिची गोडी मोठी आहे. परंतु तिच्यामुळे आरोग्याची साधी, कोरडी माहिती पुष्कळदा मागे पडली, असेही म्हणावे लागते.

साथीच्या प्रत्यक्ष दिवसांत मात्र मराठी मुलांच्या वाट्यास गोष्टीपेक्षा भीतीच अधिक आली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पोचला. घरे तपासावयास गोरे शिपाई आले, सामान रस्त्यावर फेकले गेले, माणसे छावण्यांत नेली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली ती ह्याच संतापातून. त्याच साली १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले निवर्तल्या. मौज अशी की, सरकार भिंतींना चुना लावीत आणि अंथरुणे जाळीत होते, तेव्हा रोगाचे खरे वाहन कोणते हे सरकारलाच ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसू हे त्याचे कारण, हा सिद्धांत सिमों ह्याने १८९८ साली कराचीत मांडला आणि तो मान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. गावोगावचे लोक उंदीर मरून पडू लागताच घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. त्यांचे हे शहाणपण पुस्तकी नव्हते, पण सोजिरांच्या शोधमोहिमेहून खासच उपयोगाचे होते.

जालन्याची स्थिती ह्याहून निराळी होती. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १८९९-१९०० चा दुष्काळ आणि त्यामागून आलेला कॉलरा ह्यांनी जिल्ह्याची लोकसंख्या खाली आणली; त्याच सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी सुरू होऊन जालन्याच्या व्यापारास बरकत आली. आगगाडीने कापूस गेला, धान्य आले आणि साथींनाही वाट मोकळी झाली. पुस्तकांना मात्र ती तितकीशी लाभली नाही. पुण्यामुंबईची मासिके टपालाने येत ती मोजक्या घरांत. राज्यकारभाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. आणि १९२१ च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानात शंभरांत पाच माणसेही अक्षरओळख असलेली नव्हती. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी बेथेल नावाची जी ख्रिस्ती वसाहत वसविली तीत शाळा होती, व मिशनच्या द्वारे काही मराठी छापील वाङ्मय ह्या भागात येई. तथापि सबंध मुलखाच्या मानाने तो एक ठिपकाच. छापील गोष्ट जेथे पोचत नव्हती तेथे कीर्तन पोचत होते. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावाला प्रश्न विचारून विचारून हसवीत, रडवीत. त्यांच्या कीर्तनाला पुढे येऊन बसत ती मुलेच. वऱ्हाडात जन्मलेल्या ह्या पुरुषाने १९५६ साली देह ठेवला तोवर महाराष्ट्रात स्वच्छतेची सर्वांत मोठी पाठशाळा अक्षरावाचून चाललेली होती.

स्वराज्यानंतर हे काम शाळा, अंगणवाडी आणि सरकारी आरोग्यखाते ह्यांच्याकडे आले. त्याआधीच, १९४५ साली, ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डी येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता. अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. मूल आले की आधी त्याला न्हाऊ घालावयाचे, नखे कापावयाची, मग गाणे आणि गोष्ट. असा तो क्रम होता. देवीच्या रोगाचे उच्चाटन करताना आरोग्यसेवकांच्या हाती एक चित्र असे, देवी आलेल्या मुलाचे. हे चित्र प्रथम इंडोनेशियात वापरले गेले. शाळेतील मुलांना ते दाखवून 'असे कोणी पाहिलेत काय' म्हणून विचारीत, आणि मुले बिनचूक घर दाखवून देत. १९७५ साली भारतातून हा रोग नाहीसा झाला, त्यात ह्या साध्या चित्राचा वाटा लहान नाही. शिकविला जाणारा मुलगा येथे प्रथमच शिकविणाऱ्याचा मदतनीस झाला. पुढे युनिसेफची चित्रकथेतील मीना आणि तिचा भाऊ राजू महाराष्ट्राच्या शाळांतही आले.

ही पूर्वपीठिका मनात ठेवून २०२० सालाकडे वळावे. महाराष्ट्रात करोनाचा पहिला रोगी ९ मार्च रोजी पुण्यास आढळला. दोन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगद्व्यापी साथ असल्याचे जाहीर केले. मार्चच्या मध्यास राज्यातील शाळा मिटल्या, आणि २५ तारखेपासून सबंध देश घरात बसला. त्याच मार्च महिन्यात चंदीगडचे डॉ. रवींद्र खैवाल आणि डॉ. सुमन मोर ह्यांनी तयार केलेले, 'वायू' नावाच्या वीराचे चित्रपुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसृत केले. हा वायू मूळचा हवेच्या प्रदूषणाशी लढणारा, त्याला ऐन वेळी नव्या शत्रूवर पाठविण्यात आले. प्रथम बुक्स ह्या संस्थेने त्याच महिन्यात करोनासंबंधीच्या छोट्या सचित्र गोष्टींचे पुस्तक विनामूल्य खुले केले. एप्रिलच्या ९ तारखेस आंतरराष्ट्रीय संस्थांच्या एका मंडळाने हेलन पटक हिने लिहिलेले व रंगविलेले पुस्तक प्रसिद्ध केले. ते लिहिण्यापूर्वी १०४ देशांतील सतराशेंहून अधिक मुले, पालक व शिक्षक ह्यांना त्यांच्या मनातील भीती विचारण्यात आली होती. त्यातील सारा नावाची मुलगी एका नारिंगी रंगाच्या अद्भुत प्राण्याच्या पाठीवर बसून देशोदेशींच्या मुलांना भेटते. यथावकाश हे पुस्तक शंभराहून अधिक भाषांत गेले.

होफमानच्या मुलापासून ह्या सारापर्यंतचे अंतर मोजून पाहावे. तेथे मूल अपराधी होते. येथे ते वीर आहे. तेथे त्याला लाजविले जाई. येथे त्याची समजूत घातली जाते, त्याचे भय त्याच्याच तोंडून वदविले जाते. हा पालट केवळ रुचीचा नव्हे. साथीत लाजविण्याचे हत्यार फार घातक ठरते. रोगी म्हणजे गलिच्छ आणि गलिच्छ म्हणजे दोषी, असे मुलाच्या मनात एकदा बसले की, ज्याच्या घरी रोग आला त्याच्या अंगणाकडे ते मूल बोट दाखवू लागते. आपल्या समाजात तर ह्याला आणखी एक पदर आहे. 'दूर राहा', 'शिवू नकोस', हे शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत शतकानुशतके आरोग्यासाठी नव्हे, तर जातीसाठी उच्चारले गेले. सहा फुटांचे अंतर शिकविणाऱ्या गोष्टीने हे अंतर कोणापासून नाही, तर कशापासून आहे, हे पहिल्याच पानावर स्पष्ट करणे अगत्याचे होते. सोवळ्याची सावली पडू न देता स्वच्छता सांगणे, ही मराठी लेखकाची खास अडचण. भाषांतराने ती सुटत नाही.

आता जालन्याचा विचार. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार. साक्षरता शेकडा ७१ च्या आसपास, आणि स्त्रियांची शेकडा ६० च्या आसपास. ह्याचा सरळ अर्थ असा की, पुष्कळ घरांत आईपेक्षा मुलगीच अधिक वाचणारी. शहरातील सुखवस्तू घरात आई मुलाला गोष्ट वाचून दाखविते. मंठा किंवा परतूर तालुक्यातील घरात चौथीतली पोर आईला वाचून दाखविणार. तेथे बालकाचे पुस्तक हे बालकापुरते राहत नाही. ते सगळ्या घराचे पुस्तक होते, कदाचित घरात शिरलेले पहिलेच. म्हणून त्यातील एखादे चुकीचे चित्रही घरभर पसरते.

आणि चित्रे बहुधा नळाची होती. बेसिनपुढे उभा असलेला मुलगा, वाहते पाणी, फेसाचे फुगे, वीस सेकंद. ज्या जालना शहराने २०१२-१३ च्या अवर्षणात घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आटलेला पाहिला आणि टँकरच्या रांगेत रात्री काढल्या, त्या जिल्ह्यातील मुलाने हे चित्र कसे वाचावे? पाण्याचा हंडा डोक्यावरून आणणाऱ्या मुलीला वीस सेकंद सोडलेला नळ हा स्वच्छतेचा नव्हे, चैनीचा धडा वाटला तर नवल नाही. वस्तुतः साबणाचे काम हातावर चोळण्याच्या वेळी होते. करोनाच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे एक आवरण असते, ते साबणाने फुटते; तेव्हा हात ओले करावयास थोडे आणि चोळून झाल्यावर धुवावयास एक तांब्या पाणी पुरते. दुसऱ्याने तांब्याने पाणी घालावे आणि आपण हात चोळावेत, ही तर आपल्या घरांतील जुनी रीत. बाहेरून आलेल्याने उंबरठ्याबाहेर हातपाय धुवावेत हीही. ओसरी, रांजण, तांब्या आणि पाणी घालणारी धाकटी बहीण, एवढ्या साहित्यावर वीस सेकंदांची उत्तम गोष्ट उभी राहू शकते.

तिसरी अडचण पुस्तक हाती पडण्याची. टाळेबंदीत छापखाने व टपाल ढिले पडलेले, तेव्हा ही पुस्तके आली ती मोबाइलच्या पडद्यावर. 'असर'च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी शेकडा ३६ घरांत २०१८ साली स्मार्टफोन होता. २०२० च्या सप्टेंबरात हे प्रमाण शेकडा ६१ वर गेले. वाढ मोठी खरी, परंतु फोन घरात असतो तो बापाच्या खिशात, आणि बाप असतो रानात. शिवाय हा जिल्हा ऊसतोडीस जाणाऱ्यांचा. त्या एप्रिलमध्ये राज्यभर सुमारे एक लाख तीस हजार तोडकामगार कारखान्यांच्या आवारात अडकून पडले होते, आणि सरकारने १७ एप्रिलला परवानगी दिल्यावर ते मुलाबाळांसह गावोगाव परतू लागले. परतणाऱ्यांना गावाच्या वेशीवर थांबविण्यात आले. ज्या मुलांनी हे पाहिले, त्यांना साराच्या नारिंगी प्राण्याची जेवढी गरज होती तेवढी क्वचितच कोणाला असेल. आणि त्यांच्यापर्यंतच तो पोचणे सर्वांत दुर्घट होते. ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळांवरून मध्यप्रदेशाकडे पायी निघालेले सोळा पोलाद कामगार करमाडनजीक मालगाडीखाली सापडले. ही बातमी जिल्ह्यातील मुलांनी घरात बसून ऐकली. हात धुण्याच्या गोष्टीत तिला कोठे जागा नव्हती.

शास्त्राचा वेग हीदेखील एक गोष्ट आहे. मार्चमध्ये निरोग्यांनी मुखपट्टी लावण्याचे कारण नाही असे अधिकृतपणे सांगण्यात येत होते. एप्रिलच्या आरंभी केंद्र सरकारने घरी शिवलेली पट्टी वापरावयास सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला ५ जूनला बदलला. रोग मुख्यतः हवेतून पसरतो, हाताळलेल्या वस्तूंतून फार थोडा, हे तर पुढच्या वर्षी सर्वमान्य झाले. मार्चमध्ये घाईने रचलेल्या गोष्टींचा भर स्वाभाविकच हातांवर राहिला. होफमानला जंतू ठाऊक नव्हते, पुण्याच्या प्लेग अधिकाऱ्यांना पिसू ठाऊक नव्हती, आणि ह्या पुस्तकांना हवा पुरती ठाऊक नव्हती. पडद्यावरील पुस्तक एका रात्रीत सुधारता येते. मुलाने पाठ केलेली गोष्ट तितक्या लवकर सुधारत नाही. चो-चोची उघडी खिडकी, जी मध्यंतरी जुनाट वाटू लागली होती, ती मात्र शंभर वर्षांनी पुन्हा बरोबर ठरली.

ह्या सर्व काळात शाळा बंदच होत्या. घनसावंगीचेच आमदार राजेश टोपे राज्याचे आरोग्यमंत्री असल्याने जालन्याचे नाव दररोज बातम्यांत असे, पण जालन्याच्या प्राथमिक शाळांची कुलुपे इतर जिल्ह्यांप्रमाणेच राहिली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मुलांसाठी मालिका सुरू झाली आणि ज्या घरांत दूरदर्शन होते तेथे शाळेचा थोडा आवाज पोचला. १५ जुलै २०२१ पासून करोनामुक्त गावांत आठवीच्या पुढील वर्ग उघडले. ४ ऑक्टोबरला खेड्यांतील पाचवीच्या पुढील. आणि १ डिसेंबरला पहिलीचे. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या पटावर चढले होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात आले तेव्हा नियमाप्रमाणे दुसरीत बसले. फाटकाशी त्याच्या हातावर जंतुनाशकाचे दोन थेंब घालण्यात आले, ते त्याने सराईतपणे चोळले. वर्गाच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता लावलेला होता. त्यातील चित्रे त्याला ओळखता आली, अक्षरे अद्याप यावयाची होती.